घरात तत्त्वं किती?

प्रश्न : आमचे सासरे माळकरी आहेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. रोज संध्याकाळी ते ज्ञानेश्वरी वाचतात. गेल्या महिन्यात तेरावा अध्याय चालू होता, तेव्हा जेवताना म्हणाले, तत्त्वं 36. मी योगवर्गाला जाते, तिथं बाईंनी 25 सांगितली होती. नणंदेचे यजमान वैद्य, ते त्या दिवशी जेवायला होते. त्यांचं म्हणणं, चरकात 24 आहेत. माझा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र घेऊन शिकतोय. तो हसून म्हणाला, "तत्त्वं 118 आहेत, आणि तुमचं पाणी तर त्यात नाहीच." अण्णा ताटावरून उठले. आठ दिवस झाले, आजोबा-नातू बोलत नाहीत. त्यात भजनी मंडळानं पुढच्या एकादशीला 'तत्त्व म्हणजे काय' यावर वीस मिनिटं बोलायचं माझ्यावर टाकलंय. खरा आकडा कोणता? आणि फळ्यावर 'तत्व' लिहायचं की 'तत्त्व'?
— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

अण्णा ताटावरून उठले हे वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. तत्त्वांच्या संख्येवरून जेवण अर्धं राहावं अशी घरं आता किती उरलीत? बाकी ठिकाणी भांडण होतं ते गाडी कुठं लावली यावरून.

आधी आकड्याचं बघू. तुमच्याकडे चौघं बोलले आणि चौघांचंही बरोबर आहे. सगळ्यांचं मन राखायला मी हे म्हणत नाहीये. नेमका हाच प्रश्न भागवताच्या अकराव्या स्कंधात, बाविसाव्या अध्यायात उद्धवानं श्रीकृष्णाला विचारलाय. त्याची तक्रार तुमच्यासारखीच आहे : देवा, तुम्ही 28 सांगता, कुणी 26 म्हणतं, कुणी 25. कुणाची सात, कुणाची नऊ, कुणाची सहा, चार, अकरा. कुणी 17, कुणी 16, कुणी 13. ऋषींनी एवढे वेगवेगळे आकडे सांगायचं कारण काय? यावर कृष्ण म्हणतो की ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या जागी योग्य आहे. तत्त्वं एकमेकांत शिरलेली असतात. कुठलं कशात धरायचं हे सांगणाऱ्याला काय सांगायचंय त्यावर ठरतं. या स्कंधावरची नाथमहाराजांची टीका शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण झाली. अण्णांकडे नाथभागवत असणारच. बाविसावा अध्याय काढून द्या त्यांना, पुढचं ते स्वतःच बघतील.

मंडळात हे सांगताना स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. वरणात जिन्नस किती? एखादी म्हणेल तीन : डाळ, मीठ, फोडणी. दुसरी फोडणीतली मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता सुटं मोजेल. तिसरी म्हणेल, तेल आणि पाणी कुणी धरायचं? वरण एकच आहे आणि तिघीही खोटं बोलत नाहीत. भागवतातली गणतं अशीच आहेत. पाच भूतं, पाच तन्मात्रा (म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं), पाच इंद्रियं, मन आणि आत्मा मिळून 17. आत्म्यालाच मन म्हटलं की 16. पंचमहाभूतं आणि परमपुरुष एवढंच धरलं की सहा. तेज, पाणी, अन्न आणि आत्मा म्हटलं की चार.

आता तुमच्या योगवर्गातले 25. हे सांख्यांचे, म्हणजे सांख्यदर्शन मानणाऱ्यांचे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तिसऱ्याच कारिकेत सगळा हिशेब मांडून टाकलाय, आणि तो इतका नेटका आहे की गणिताच्या शिक्षकानंही मान डोलवावी. एक मूळ प्रकृती, म्हणजे सगळ्या जडाचं मूळ, ती कशातून निघालेली नाही. तिच्यातून सात अशी निघतात की जी स्वतः कार्यही आहेत आणि पुढच्यांची कारणंही : महत् म्हणजे बुद्धी, अहंकार आणि पाच तन्मात्रा. मग 16 अशी, जी फक्त कार्यं आहेत : मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच महाभूतं. इथवर 24. पंचविसावा पुरुष, म्हणजे नुसता बघणारा आत्मा, तो कारणही नाही आणि कार्यही नाही. योगदर्शनानं याला ईश्वर जोडला, म्हणून त्याला सेश्वर सांख्य म्हणतात आणि तिथं संख्या 26 होते. बाईंनी 25 का सांगितली हे त्यांनाच विचारा, बहुधा सोपं करून सांगितलं असेल.

या यादीत एक गोष्ट आहे जिच्यापाशी थोडं थांबावं असं मला नेहमी वाटतं. क्रम बघा. आपण आधी माती, पाणी धरतो आणि बुद्धी शेवटी. सांख्य उलटं चालतं. प्रकृतीतून आधी बुद्धी, मग 'मी', मग मन आणि इंद्रियं, आणि सगळ्यात शेवटी, तन्मात्रांच्याही पुढं, माती. शिवाय बुद्धी, अहंकार, मन ही तिन्ही मातीच्याच खात्यात पडतात. तीही जड. 'मला राग आला' यातला 'मला' आणि 'राग' दोन्ही प्रकृतीकडचे. पुरुष फक्त बघतो. हे पचायला जड आहे. मंडळात सांगाल तेव्हा बायका जरा गप्प होतील, होऊ द्या.

आणि ही मोजदाद केली कशासाठी? सृष्टीचं कोडं सोडवायची हौस म्हणून नव्हे. कारिकेची सुरुवातच तीन प्रकारच्या दुःखांच्या तडाख्यानं होते. घर वाटून घेताना भांडी मोजतात ना, ही माझी, ही तुझी, तसं इथं एकेक तत्त्व उचलून बाजूला ठेवायचं : हे मी नाही, हे माझं नाही. शेवटाकडे कारिकेत 'नास्मि, न मे, नाहम्' असे तीन शब्द येतात. मोजणीचा उपयोग तिथं आहे. आकडा हे साधन, म्हणूनच ज्याचं साधन वेगळं त्याचा आकडा वेगळा.

वैद्यांचे 24 यातूनच सुटतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, 24 तत्त्वांचा पुरुष सांगितलाय. तिथं अव्यक्त, म्हणजे मूळ प्रकृती, आणि पुरुष वेगळे धरले नाहीत, म्हणून एक कमी. गंमत म्हणजे त्याच अध्यायात पाच भूतं आणि चेतना असा सहा धातूंचा, म्हणजे घटकांचा, पुरुषही येतो. एकाच ग्रंथात, एकाच अध्यायात दोन आकडे. सुश्रुत मात्र 25 सांगतो. पाहुणे पुन्हा आले की विचारून बघा, खूश होतील.

आता अण्णांचे 36. इथं खरी मजा आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटलंय, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. साताऱ्याकडच्या माणसाला हे समजवायला नको. क्षेत्र म्हणजे शेत, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं हा प्रश्न. मूळ श्लोकात महाभूतं पाच, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, इंद्रियं दहा, मन आणि पाच विषय, असे 24. ही सांख्यांचीच यादी, फक्त शेतमालक मोजलेला नाही, कारण मोजणी जमिनीची चाललीय. पुढच्या श्लोकात इच्छा, द्वेष, सुख, दुःख, संघात, चेतना, धृती ही सात येतात. बेरीज 31. मग ज्ञानेश्वरमाउलींनी 36 कुठून आणले? त्यांनी विषय पाच न धरता दहा धरले. डोळ्याचा विषय रूप, कानाचा शब्द, तसे कर्मेंद्रियांचेही विषय आहेतच, हातानं घेणं, पायानं चालणं वगैरे. ते पाच वाढले आणि 31 चे 36 झाले. नातवाला वही घेऊन बसवलंत तर दहा मिनिटांत जुळेल, हिशेब अगदी चोख आहे.

त्याच अध्यायात आधी माउलींनी या शेतावर हक्क कुणाचा यावरची निरनिराळी मतं मांडलीत. एका मतानं शेत जीवाचं. प्राण हे त्याचं कूळ. त्याच्या घरी चार भाऊ राबतात, म्हणजे अपान, व्यान, उदान, समान. मन देखरेख करतं आणि औताला इंद्रियांचे बैल. पुढं प्रकृतीवाले येतात आणि म्हणतात, जमीन आमची, जीव तर वाटसरू. अशी एकामागून एक मतं येतात आणि प्रत्येक जण मागच्याला खोडून काढतो. कूळकायद्याची तारीख चाललीय असं वाटतं. अण्णांनी हे शंभरदा वाचलं असेल. त्यांना आठवण करून द्यायला हवी की माउलींनी विरोधी मतं ऐकून घेतली, त्यांना आपल्या ग्रंथात ओव्या दिल्या, आणि कुणी ताटावरून उठलं नाही.

इथं एक खड्डा आहे, भाषणात त्यात पडू नका. कुणीतरी सांगेल की काश्मीरच्या शैवांचीही तत्त्वं 36च, म्हणजे दोन्ही एकच. आकडा एक, याद्या वेगळ्या. शैवांच्या यादीत सांख्यांची 25 आहेत, त्यावर माया आणि तिची पाच कंचुकं, म्हणजे आवरणं : कला, विद्या, राग, काल, नियती, आणि त्याही वर शिव, शक्ती, सदाशिव, ईश्वर, शुद्धविद्या. त्यात 'इच्छा' आणि 'द्वेष' अशी तत्त्वं सापडणार नाहीत, आणि अण्णांच्या 36 मध्ये शिव-शक्ती नाहीत. माउलींच्या नाथपरंपरेचा शैवांशी संबंध आहे, त्यामुळे हा आकडा त्यांच्या मनात घोळत असेल का, असं मलाही वाटून जातं. पण वाटणं वेगळं. तसंच 25 चं. दासबोधात समर्थ जी 25 तत्त्वं सांगतात ती सांख्यांची नव्हेत : अंतःकरणपंचक, प्राणपंचक, ज्ञानेंद्रियं, कर्मेंद्रियं, विषय, असे पाच पंचे 25, सूक्ष्म देहाचे. सांख्यांच्या यादीत प्राण वेगळे मोजलेले नाहीत, आणि समर्थांच्या या यादीत प्रकृती नाही.

नुसत्या आकड्यावर जाऊ नये हे मी पदरचं सांगत नाही. वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, ब्रह्मसूत्रात, त्यावर सूत्रच आहे. बृहदारण्यक उपनिषदात 'पाच पंचजन आणि आकाश ज्याच्या ठायी आहेत' असं वाक्य येतं. सांख्यांनी म्हटलं, पाच पंचे 25, बघा, आमची तत्त्वं वेदात आहेत! सूत्रकार बादरायणांचं उत्तर : 'न संख्योपसंग्रहादपि नानाभावादतिरेकाच्च.' संख्या जुळली म्हणून तत्त्वं जुळली असं होत नाही. तुमच्या पंचविसांचे पाच-पाचचे गट पडत नाहीत, ती एकमेकांपासून वेगळी आहेत, आणि शिवाय आकाश आणि आत्मा वर उरतातच, मग 25 चे 27 होतात. आपल्याकडे हल्ली एखादा आकडा कुठंही दिसला की त्याला धरून पुराण ते अवकाशयान अशी उडी मारणारे भेटतात. हे एक सूत्र त्या सगळ्यांना पुरे आहे.

पण सगळेच मतभेद फोडणीचे नसतात, हेही मंडळात सांगा. काही खरेखुरे आहेत आणि ते तसेच ठेवावेत. सांख्य म्हणतं पुरुष अनेक, अद्वैती म्हणतात आत्मा एकच. सांख्य म्हणतं दह्याचं दहीपण दुधात आधीपासून असतंच, तिळात तेल असतं तसं, वाळूतून ते निघणार नाही. वैशेषिक म्हणतात छे, कापड विणेपर्यंत कापड नव्हतं, सूत होतं, कार्य नवं उत्पन्न होतं. कणादांचे वैशेषिक तर तत्त्वं अशी मोजतच नाहीत, ते पदार्थ मोजतात : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि पुढं सातवा अभाव. काळ आणि दिशा त्यांच्याकडे स्वतंत्र द्रव्यं आहेत. 'नसणं' हाही एक पदार्थ मानणारी ही माणसं मला फार आवडतात. घरात गॅस सिलिंडर नसणं किती खरं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथं कृष्णाचं 'सगळ्यांचं बरोबर' लावायला जाऊ नका. शंकराचार्यांनी सांख्याला प्रमुख मल्ल म्हटलंय, त्याला चीत केलं की बाकीचे आपोआप पडले असं. गोडीगुलाबीनं मिटवायचा वाद असता तर आखाड्याची भाषा आली नसती.

आता चिरंजीव. त्याला मूर्ख ठरवू नका, त्याचा मुद्दा धड आहे, फक्त शब्दानं त्याला फसवलंय. त्यानं शाळेत मराठीतून शिकलं असेल तर तिथं शब्द होता 'मूलद्रव्य'. हिंदीत त्यालाच 'तत्व' म्हणतात. मला शंका आहे की तो परीक्षेच्या तयारीचे व्हिडिओ हिंदीतून बघतो आणि 118 चा आकडा त्या शब्दासकट घरी आलाय. पाणी हे संयुग, हवा हे मिश्रण, जळणं ही क्रिया. रसायनाच्या तक्त्यात यातलं काही नसणारच, आणि त्यात महाभूतांचा अपमान नाही.

महाभूतं पाचच का, याचं उत्तर आपल्या तोंडावर आहे. कान, त्वचा, डोळे, जीभ, नाक. जग आपल्याला पाच वाटांनी कळतं, म्हणून जाणवणाऱ्या जगाचे पाच वर्ग. आकाशाला शब्द, वायूला शब्द आणि स्पर्श, तेजाला त्यात रूप, पाण्याला रस, पृथ्वीला गंध. एकेक गुण वाढत जातो, आणि पृथ्वीशी येईतो पाचही. आणि तांब्यातलं पाणी म्हणजे शुद्ध 'आप' असं शास्त्र तरी कुठं म्हणतं? वेदान्ती पंचीकरण सांगतात : प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग स्वतःचा आणि बाकी चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. तांब्यातलं पाणी त्यांच्याही लेखी मिश्रणच. हे ऐकून मुलगा जरा सावध होईल. मात्र आकाशाच्या बाबतीत तो भांडला तर त्याला जिंकू द्या. शब्द हा आकाशाचा गुण ही जुनी समजूत आज टिकत नाही. ध्वनीला हवा, पाणी, लोखंड असं काही माध्यम लागतं, पोकळीत तो जातच नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी तर तेव्हाच आकाश नाकारून भूतं चारच मानली होती, त्यामुळे घरात असा पहिला बंडखोर आपणच हा त्याचा समजही थोडा उतरेल.

आजोबा-नातवाचं कसं जमवायचं? मी छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय सुचवेन, दोघांना मिळून. श्वेतकेतू बाराव्या वर्षी शिकायला गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ होऊन परत आला. बाप उद्दालक. त्यानं मुलाचा ताठा बघितला, पण उठून गेला नाही. प्रश्न विचारला. मग तेज, पाणी, अन्न ही तीनच मूळं सांगितली. होय, तिथं पाचही नाहीत, तीनच. अग्नीतला तांबडा रंग तेजाचा, पांढरा पाण्याचा, काळा अन्नाचा. आणि मन अन्नाचं बनतं हे पटवायला प्रयोग करवला. पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी बाप म्हणाला, ऋचा म्हण. एकही आठवेना. मग म्हणाला, आता जेव. जेवल्यावर सगळं आठवलं. (मुलाला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाहीये, ताई.) पुढं वडाचं फळ फोडायला लावलं, पाण्यात मीठ विरघळवून वरून, मधून, तळातून चाखायला लावलं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेची ओळख असतेच. त्याच्याकडून मिठाचा प्रयोग अण्णांसमोर करून घ्या, आणि अण्णांना त्यावर जे म्हणायचं ते म्हणू द्या. पहिला शब्द मात्र मुलानं काढायचा. वय लहान आहे आणि हसलाही तोच होता.

वीस मिनिटांत हे सगळं मावणार नाही. उद्धवाचा प्रश्न, वरणाची फोडणी आणि माउलींचं शेत एवढं पुरे होईल. 24, 25, 36 फळ्यावर लिहिलेत तर शेजारी कुणाचे तेही लिहा, नाहीतर घरी जाऊन चार घरांत हेच भांडण होईल.

फळ्यावर 'तत्त्व' लिहा, दोन त आणि व. 'तत्' म्हणजे ते, आणि 'त्व' म्हणजे पण, मोठेपणातला, वेडेपणातला असतो तो. 'ते'पण. एक त 'तत्'चा, दुसरा 'त्व'चा, म्हणून दोन्ही लागतात. मंडळाच्या फलकावर रंगाऱ्यानं आधीच एक त खाल्ला असेल तर एकादशीपर्यंत राहू द्या.